हनुवटीवरचे केस आणि आयुर्वेदाला फासलेला हरताळ

कुठलीही रविवारची पुरवणी उघडा, नाहीतर मोबाईलवर फिरणारे निरोप वाचा. ‘चेहऱ्यावरची नको असलेली लव कायमची घालवा, आयुर्वेदिक पद्धतीने, घरच्या घरी!’ खाली ठरलेली यादी. बेसन आणि हळद, मसुराची डाळ दुधात वाटून, कच्ची पपई, साखर-लिंबू. शेवटी एक वाक्य असतंच : ‘नैसर्गिक असल्यामुळे कोणताही दुष्परिणाम नाही.’

माझं भांडण आयुर्वेदाशी नाही. भांडण आहे ते त्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या या थापेशी. कारण तिची किंमत आमच्या मुली मोजतात, आणि ती फक्त हळदीच्या भावात मोजायची नसते.

आधी हा लेप काय करतो ते बघू. बेसन-हळद वाळू द्यायची आणि चोळून काढायची. चोळताना चार बारीक केस उपटले जातात, मळ निघतो, त्वचा मऊ लागते. बस्स. केस उगवतो तो त्वचेच्या आतल्या मुळातून, आणि तिथपर्यंत बेसन पोचत नाही. साखर-लिंबाचा पाक म्हणजे तर सरळ सरळ वॅक्सिंगच. पार्लरवाली तेच करते आणि पैसे घेते, पण निदान त्याला आयुर्वेद म्हणत नाही.

मग हा समज आला कुठून? आपल्याच घरातून. बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई अंगावर पिठाचा गोळा फिरवते, आणि महिन्या-दोन महिन्यांत बाळाची लव जाते. घरातले म्हणतात, पिठाने गेली. वाचकहो, ती लव पीठ न लावताही जाते! जन्माच्या वेळची लव गळून पडणं हा शरीराचाच क्रम आहे. श्रेय मात्र पिठाने घेतलं, आणि तेच श्रेय वीस वर्षांनी त्याच मुलीच्या हनुवटीवर वटवायला निघालो आपण.

आता ज्या ग्रंथांची नावं घेऊन हे खपवलं जातं, त्यांत काय आहे? सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम सांगितलेत. त्यात केस काढणं हा एक उपक्रम आहे, पण तो सौंदर्यासाठी नव्हे. केसांमुळे जखम नीट भरत नसेल तर ते काढावेत, म्हणून. कशाने? वस्तरा, कात्री आणि चिमट्याने! त्यानंतर लेप येतो. शंखाचं चूर्ण दोन भाग, हरताळ एक भाग, आंबवलेल्या द्रवात वाटून. हरताळ म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. आपल्या भाषेत ‘हरताळ फासणे’ आलं तेसुद्धा यावरूनच. पोथी लिहिताना चुकलेलं अक्षर पुसायला त्यावर हरताळ लावत.

म्हणजे सुश्रुताचा खरा ‘नैसर्गिक’ लेप विषारी होता. त्याचं काम आजच्या केस काढण्याच्या क्रीमसारखं. त्वचेवरचा केस विरघळवायचा, मुळाला हात लावायचा नाही. सुश्रुत काही लपवत नव्हता. लपवाछपवी आजच्या यादीवाल्यांची आहे. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ म्हणणाऱ्यांनी हा एक अध्याय तरी वाचावा. आणि कोणी ‘शास्त्रोक्त’ म्हणून हरताळाची पूड चेहऱ्याला लावायला दिली, तर ती घेऊ नये हे वेगळं सांगायला नको.

चरकाने ‘अतिलोमा’, म्हणजे अंगावर फार केस असलेला, हा आठ निंदितांत मोजला आहे. अतिउंच, अतिठेंगू, अतिगोरा, अतिकाळा यांच्या पंगतीत. पण त्या अध्यायाचा बहुतेक भाग त्याने खर्चला आहे तो अतिस्थूल आणि अतिकृश यांच्यावर. आहार, व्यायाम, झोप यांवर. गंमत अशी की हनुवटीवरच्या केसांच्या बाबतीत आयुर्वेदाकडून घेण्यासारखं काही असेल तर ते इथे आहे, लेपात नाही.

कारण बाईच्या हनुवटीवर, ओठावर, छातीवर जाड काळे केस येऊ लागले की त्यामागे बरेचदा पीसीओएस असतो. पुरुषी म्हटल्या जाणाऱ्या संप्रेरकांचं प्रमाण वाढतं, किंवा त्वचा त्यांना जास्त दाद देते, आणि मऊ लवेचा जाड केस होतो. एकदा जाड झालेला केस वाटलेल्या डाळीने पुन्हा लव होत नाही. सोबत पाळी अनियमित होते, वजन वाढतं, मानेची त्वचा काळी मखमली होते. ही पुढच्या मधुमेहाची सूचना असू शकते. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरलं तरी पाळीला फायदा होतो. चरकाचा व्यायाम आणि आजच्या डॉक्टरचा सल्ला इथे एकाच रस्त्याला लागतात.

सगळ्यांनाच आजार असतो असंही नाही. कित्येकींना आईकडून, आजीकडून आलेली लव असते, पाळी नियमित असते, तपासण्या ठीक असतात. तो त्यांच्या चेहऱ्याचा भाग आहे. पण केस अचानक, झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर लेप वाटत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

सरकारी कचेरीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीने चार वर्षं बेसन लावलं. चार महिन्यांतून एकदा येणारी पाळी तिने कोणाला सांगितली नव्हती, आणि घरात कोणी विचारलीही नव्हती. विचारलं जात होतं ते एवढंच : ‘बघायला येणार आहेत, तोवर जाईल ना?’ ज्या दिवशी तपासणी झाली त्या दिवशी साखरही वाढलेली निघाली. हा दोष हळदीचा नाही. चेहरा बघणाऱ्या आणि माणूस न बघणाऱ्या सगळ्यांचा आहे.

वनस्पतींत काहीच नसतं असं मी म्हणत नाही. पुदिन्याच्या एका जातीच्या चहावर 2007 साली तुर्कस्तानात आणि 2010 साली ब्रिटनमध्ये अभ्यास झाले. संप्रेरकांचं प्रमाण थोडं उतरलं. पण ब्रिटनमधल्या महिनाभराच्या अभ्यासात डॉक्टरांनी मोजलेल्या केसांत फरक दिसला नाही. प्रामाणिकपणा याला म्हणतात. जे दिसलं ते सांगितलं, जे दिसलं नाही तेही सांगितलं. आमच्या पुरवण्यांत ही दुसरी ओळ कधी छापली जाते का?

आणि एक उलटा प्रकार. गोरेपणासाठी सर्रास लावल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. ते महिनोन् महिने चोळलं की चेहऱ्यावर केस वाढू शकतात. म्हणजे एका ट्यूबने केस आणायचे आणि दुसऱ्या वाटीने घालवायचे!

केस काढायचेच असतील तर थ्रेडिंग करा, वस्तरा फिरवा. वस्तऱ्याने केस जाड होतात हाही एक गैरसमज, टोक बोथट राहतं म्हणून तसं वाटतं इतकंच. लेझर आहे, गोळ्या आहेत; त्यांना महिने लागतात, खर्च येतो, आणि गोळ्या डॉक्टरच्या सल्ल्यानेच. काढायचे नसतील तर ठेवा. तो हक्क त्या बाईचा, शेजारणीचा नाही.

आमच्याकडे शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं केंद्र 2022 च्या डिसेंबरात सुरू झालं. तिथल्या वैद्यांना माझं जाहीर सांगणं आहे : तुमच्या शास्त्राच्या नावावर हा बाजार चालला असताना गप्प का बसता? ‘उटण्याने केस कायमचे जात नाहीत’ एवढं एक वाक्य पुरवणीच्या संपादकाला लिहून पाठवा. बांबोळीच्या डॉक्टरने ते सांगितलं तर ‘अॅलोपथीवाला बोलणारच’ म्हणून लोक सोडून देतात. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.

आणि आयांनो, नरकचतुर्दशीला उटणं जरूर लावा, सुवास छान येतो. पण मुलीच्या हनुवटीवर केस दिसले तर हळदीचा डबा उघडायच्या आधी तिला जवळ बसवून एक प्रश्न विचारा : ‘पाळी वेळेवर येते का गं?’