विश्लेषण : केबल तांबड्या समुद्रात तुटल्या, तरी भारतातील इंटरनेट बंद का पडले नाही?

तांबड्या समुद्राच्या तळाशी असलेल्या केबल ६ सप्टेंबर २०२५ रोजी तुटल्या आणि भारत, पाकिस्तान, संयुक्त अरब अमिरातीसह अनेक देशांत इंटरनेटचा वेग घसरला. वेग घसरला, पण इंटरनेट बंद पडले नाही. मोबाइलवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसत होत्या, यूपीआयने पैसेही जात होते. युरोपातील सर्व्हरवर चालणारी कामे मात्र रेंगाळत होती. असे का झाले, याचे उत्तर संगणकांचे जाळे मुळात कसे चालते यात आहे. हे जाळे किती तग धरू शकते आणि त्याची दुखरी नस कुठे आहे, हेही त्यातून कळते.

नेमके काय घडले?

इंटरनेटच्या स्थितीवर लक्ष ठेवणाऱ्या ‘नेटब्लॉक्स’ या संस्थेच्या माहितीनुसार, सौदी अरेबियातील जेद्दाजवळ ‘एसएमडब्ल्यू ४’ आणि ‘आयएमईडब्ल्यूई’ या केबल प्रणालींमध्ये बिघाड झाला. ‘एसएमडब्ल्यू ४’ ही सिंगापूरपासून फ्रान्सपर्यंत जाणारी, २००५ मध्ये सुरू झालेली केबल आहे. ‘आयएमईडब्ल्यूई’ मुंबईहून निघून मध्य पूर्वेमार्गे फ्रान्सपर्यंत पोहोचते. मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘अझूर’ या क्लाउड सेवेच्या ग्राहकांना त्याच दिवशी कळवले की, मध्य पूर्वेतून जाणाऱ्या डेटाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागेल. वाहतूक दुसऱ्या मार्गांनी वळवली आहे. हा घातपात असावा, अशी शंका सुरुवातीला व्यक्त झाली. मात्र एखाद्या व्यापारी जहाजाच्या फरफटत गेलेल्या नांगराने केबल तुटल्या असाव्यात, असा या क्षेत्रातील तज्ज्ञांचा प्राथमिक अंदाज होता. जगभरात दरवर्षी समुद्राखालील केबलमध्ये साधारण १५० ते २०० बिघाड होतात आणि त्यातील बहुतांश मासेमारी व नांगर यांमुळेच होतात.

आपला फोटो लंडनला पोहोचतो कसा?

मुंबईतून लंडनला व्हॉट्सॲपवर तीन एमबीचा फोटो पाठवला, तर तो अखंड जात नाही. त्याचे साधारण दोन हजार तुकडे होतात. या तुकड्याला ‘पॅकेट’ म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, असतो. त्यासोबत तो तुकडा कितवा आहे याचा क्रमांकही असतो. वाटेतील राउटर प्रत्येक पॅकेटचा पत्ता वाचून त्याला पुढच्या टप्प्यावर ढकलतात. सगळी पॅकेट एकाच वाटेने जातील असे नाही आणि क्रमाने पोहोचतील असेही नाही. पलीकडचे यंत्र क्रमांक पाहून ती जुळवते. एखादे हरवले, तर तेवढेच पुन्हा मागवले जाते.

जुन्या टेलिफोनची रीत वेगळी होती. बोलणे सुरू असेपर्यंत दोन टोकांमध्ये एक वाट राखून ठेवली जाई. ती मध्ये कुठेही तुटली की बोलणे संपले. शीतयुद्धाच्या काळात, हल्ल्यात काही केंद्रे उद्ध्वस्त झाली तरी संदेशवहन कसे सुरू राहील, याचा विचार अमेरिकेतील पॉल बॅरन करत होते. मध्यवर्ती केंद्र नसलेले, संदेशाचे तुकडे करून पाठवणारे जाळे त्यांनी १९६४ मध्ये मांडले. ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आले. ‘पॅकेट’ हा शब्द त्यांचाच. पुढे व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या नियमावलीतून ‘टीसीपी/आयपी’ घडले आणि १ जानेवारी १९८३ पासून ‘अर्पानेट’ या मूळ जाळ्याने ते स्वीकारले. आजच्या मोबाइलमधील इंटरनेटही त्याच नियमांवर चालते.

केबल तुटल्यावर नवा रस्ता कोण शोधतो?

इंटरनेट हे एक जाळे नाही. ते जगभरातील हजारो स्वतंत्र जाळ्यांचे जाळे आहे. मोबाइल कंपन्या, विद्यापीठे, क्लाउड कंपन्या अशी प्रत्येकाची आपापली यंत्रणा असते. ही जाळी एकमेकांना सतत सांगत असतात, ‘अमुक पत्त्यांकडे जायचे असेल तर माझ्याकडून वाट आहे.’ या संवादाची भाषा म्हणजे ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’, अर्थात बीजीपी. केबल तुटली की त्या बाजूच्या वाटेची घोषणा मागे घेतली जाते आणि शेजारची जाळी दुसरी उपलब्ध वाट धरतात. काही मिनिटांत, बहुतेकदा कोणी बटण न दाबता, हे घडते.

या घोषणा किती महत्त्वाच्या असतात, हे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी दिसले. त्या दिवशी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभरात सुमारे सहा तास बंद होते. एकही केबल तुटली नव्हती. देखभालीच्या कामात दिलेल्या चुकीच्या आदेशामुळे फेसबुकची केंद्रे एकमेकांपासून तुटली आणि आपल्याकडे येणाऱ्या वाटेची घोषणाच कंपनीच्या यंत्रणेने मागे घेतली. तांबड्या समुद्रात उलटे झाले. रस्ता तुटला, पण घोषणांची यंत्रणा शाबूत होती. म्हणून डेटा वळला.

मग वेग का मंदावला?

पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाड्या बोरघाट बंद झाला म्हणून माळशेजमार्गे वळवल्या, तर त्या पोहोचतात. पण अंतर वाढते आणि माळशेजमध्ये रांगाही लागतात. डेटाचे तसेच झाले.

पहिले कारण अंतराचे. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. दहा हजार किलोमीटरच्या केबलवरून संदेश जाऊन उत्तर परत यायला किमान १०० मिलिसेकंद लागतात. हाच संदेश पूर्वेकडून, पॅसिफिक आणि अमेरिका ओलांडून युरोपला न्यायचा, तर वाट २५ हजार किलोमीटरच्या पुढे जाते आणि हा वेळ २५० मिलिसेकंदांवर पोहोचतो. या विलंबाला ‘लेटन्सी’ म्हणतात. एक वेबपेज उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात, त्यामुळे फरक जाणवतो. घरी कितीही एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी हा विलंब कमी होत नाही. बँडविड्थ म्हणजे रस्त्याची रुंदी, लेटन्सी म्हणजे प्रवासाला लागणारा वेळ.

दुसरे कारण गर्दीचे. वळवलेला डेटा ज्या केबलवर येतो, तिथे आधीच वाहतूक असते. राउटरसमोरची रांग भरली की तो जास्तीची पॅकेट सरळ टाकून देतो. ती पुन्हा पाठवली जातात आणि गर्दी आणखी वाढते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलेतील दोन संस्थांमध्ये, जेमतेम ४०० यार्ड अंतरावर, याच कारणाने वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला होता. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी सुचवलेली सुधारणा टीसीपीमध्ये आली. पॅकेट हरवू लागली की पाठवणारे यंत्र स्वतःच वेग कमी करते आणि वाट मोकळी दिसली की हळूहळू वाढवते. म्हणजे केबल तुटल्यावर जाणवणारा संथपणा हा काही अंशी जाळ्याने स्वतःला वाचवण्याचा उपाय असतो.

यूपीआय आणि व्हिडीओ सुरळीत कसे राहिले?

त्यांना समुद्र ओलांडावाच लागत नाही, म्हणून. यूपीआयचे व्यवहार देशातील यंत्रणेतच पूर्ण होतात. भारतीय ग्राहकांच्या पेमेंटची माहिती देशातच साठवावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१८ चा आदेशही आहे. लोकप्रिय व्हिडीओंच्या प्रती कंपन्या मुंबई, चेन्नईसारख्या शहरांतील सर्व्हरवर आधीच ठेवतात. या व्यवस्थेला ‘कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क’ म्हणतात. देशातल्या देशात जाणारा डेटा परदेशी फेरा मारून येऊ नये, यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली. अशा बिघाडाचा फटका प्रामुख्याने बसतो तो परदेशी सर्व्हरवर काम करणाऱ्या आयटी कंपन्यांना, परदेशातील नातेवाइकांशी व्हिडीओ कॉलवर बोलणाऱ्यांना आणि ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांना.

सगळे रस्ते एकाच खिंडीतून का जातात?

खरी अडचण इथे आहे. बीजीपीला शेजारी कोण आणि वाट कुठली, एवढेच कळते. ती वाट कोणत्या समुद्रातून जाते, हे त्याला ठाऊक नसते. एखादी कंपनी दोन वेगळ्या पुरवठादारांकडून दोन जोडण्या घेते. कागदावर त्या स्वतंत्र दिसतात. प्रत्यक्षात दोन्ही केबल तांबड्या समुद्राच्या तळाशी शेजारीशेजारी पडलेल्या असू शकतात.

आशिया आणि युरोप यांच्यातील जवळची सागरी वाट तांबड्या समुद्रातूनच जाते. त्याच्या दक्षिण टोकाची बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी सर्वात अरुंद ठिकाणी जेमतेम ३० किलोमीटर रुंद आहे. उत्तरेला भूमध्य समुद्र गाठण्यासाठी बहुतेक केबल इजिप्तच्या भूमीवरून जातात. ही वाट नवी नाही. मुंबईला समुद्राखालील तारेने सुएझ आणि एडनशी जोडणारी टेलिग्राफ केबल १८७० मध्ये याच मार्गाने आली होती. तांब्याच्या जागी काच आली, वाट तीच राहिली.

परिणामही वारंवार दिसले आहेत. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल एकाच दिवशी तुटल्या आणि भारतातील आयटी व कॉल सेंटर व्यवसायाला मोठा फटका बसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये हुथी बंडखोरांच्या हल्ल्यात निकामी झालेल्या ‘रुबीमार’ या जहाजाचा नांगर फरफटत गेल्याने तीन केबल तुटल्याचे मानले जाते.

दुसरी खिंड भारताच्या दारातच आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) माहितीनुसार, २०२२ अखेरीस भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल १४ लँडिंग स्टेशनांवर येत होत्या. ही स्टेशने मुंबई, चेन्नई, कोची, तुतीकोरिन आणि तिरुवनंतपुरम या पाचच शहरांत होती. त्यातही मुंबईवरील भार मोठा आहे. मुंबईतील बऱ्याचशा केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावरील लहानशा पट्ट्यात जमिनीवर येतात. ज्या किनाऱ्यावरून कोळी बांधवांच्या होड्या समुद्रात जातात, त्याच किनाऱ्याखालून देशाचा परदेशी डेटा आत येतो. तेव्हा या केबलची सज्ज क्षमता सेकंदाला १३८ टेराबिट होती आणि त्यापैकी १११ टेराबिट कार्यान्वित होती. म्हणजे हाताशी राखीव होती ती साधारण पाचवा हिस्सा.

दुरुस्ती कशी होते?

केबल नेमकी कुठे तुटली, हे किनाऱ्यावरूनच कळते. फायबरमध्ये प्रकाशाचा स्पंद सोडतात. तुटलेल्या टोकावरून तो परततो आणि लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. मग विशेष जहाज तिथे जाते, गळासारख्या आकड्याने केबलची टोके वर ओढते आणि केसाइतके बारीक तंतू जोडून ती पुन्हा तळाशी सोडते. खोल समुद्रातील केबल बागेतल्या पाइपएवढीच जाड असते.

जोडणीचे काम काही दिवसांचे असते. वेळ जातो तो जहाज मिळण्यात आणि किनाऱ्यावरील देशाच्या परवानगीत. येमेनमध्ये दोन गट सत्तेवर दावा करत असल्याने परवानगी कोणाकडे मागायची, हाच प्रश्न असतो. २०२४ मध्ये तुटलेल्या केबलच्या दुरुस्तीला म्हणूनच महिने लागले. भारताकडे स्वतःचे दुरुस्ती जहाज नाही, याकडे लक्ष वेधत ‘ट्राय’ने जून २०२३ मधील शिफारशींत भारतीय ध्वजाखालील जहाजांची व्यवस्था आणि परवानग्या सुलभ करण्याची गरज मांडली होती.

पर्याय कोणते?

उपग्रह हा पूर्ण पर्याय नाही. खंडांमधील ९५ टक्क्यांहून अधिक डेटा केबलमधूनच जातो आणि एका आधुनिक केबलची क्षमता सेकंदाला शेकडो टेराबिटपर्यंत असते. दुर्गम गावासाठी वा आपत्तीत उपग्रह उपयोगी आहेत. मुंबईचा भार त्यांना पेलणार नाही.

नव्या केबल येत आहेत. ‘टूआफ्रिका पर्ल्स’ २०२५ मध्ये मुंबईत पोहोचली. गूगलची ‘ब्लू-रमन’ इजिप्त टाळते, पण तांबडा समुद्र टाळत नाही. मेटाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलेला ५० हजार किलोमीटरचा ‘वॉटरवर्थ’ प्रकल्प अमेरिका, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि भारत यांना जोडणार आहे. वेगळी वाट मिळते ती अशा केबलमुळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणममध्ये नवे सागरी केबल केंद्र जाहीर केले. त्यामुळे मुंबई-चेन्नईवरील अवलंबित्व कमी होऊ शकते.

म्हणून केबलची संख्या मोजून चित्र पूर्ण होत नाही. पाच केबल एकाच खिंडीतून आणण्यापेक्षा तीन केबल तीन दिशांनी आणणे अधिक सुरक्षित. परदेशी सर्व्हरवर अवलंबून असलेल्या बँका, रुग्णालये आणि कंपन्यांनी दुसरी जोडणी घेताना वेगाबरोबर आणखी एक गोष्ट पुरवठादाराकडून लेखी घ्यायला हवी : ही केबल कोणत्या समुद्रातून येते आणि कोणत्या किनाऱ्यावर उतरते.