बर्फ पडत नाही, म्हणून कूलंट नको?



हळद निघाली की हिंगोली-वसमतच्या बाजाराकडे टेम्पो-ट्रॅक्टरांची रीघ लागते आणि त्याच उन्हात अकोला-नांदेड महामार्गावर बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्याही दिसू लागतात. जवळच्या हॉटेलातून बोअरच्या पाण्याची बादली येते, रेडिएटर भरतो, गाडी पुढे निघते. ‘आपल्याकडे काय बर्फ पडतो? मग कूलंटला पैसे कशाला?’ असे चालक विचारतात, मेस्त्रीही विचारतात. या प्रश्नाला नीट उत्तर दिले पाहिजे, कारण त्यात अर्धे सत्य आहे.

उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात धरणारे द्रव फार थोडे. एक किलो पाणी एक अंशाने तापताना सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता घेते. कूलंटमधले ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे केले की हा आकडा साडेतीनच्या आसपास येतो आणि उष्णतावाहकता साधारण एक-तृतीयांशाने घटते. नव्याकोऱ्या इंजिनात शुद्ध पाणी घातले, तर पहिल्या दिवशी ते कूलंटपेक्षा सरसच ठरेल.

पण इंजिन वर्षानुवर्षे चालवायचे असते, आणि आपले पाणी शुद्ध नाही. काळ्या खडकातून वर येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापवण्याच्या कॉइलवर पांढरे कवच चढते, तेच इंजिनात घडते, आणि धातू सर्वाधिक तापतो तिथे, म्हणजे सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती, आधी घडते. हा थर बिडाच्या तुलनेत फारच थोडी उष्णता पलीकडे जाऊ देतो. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचे तापमान सांगतो, धातूचे नाही. त्यामुळे काटा मध्यावर आणि आत हेड भाजतेय, असे होऊ शकते. मग हेडला बाक येतो, गॅस्केट जाते, इंजिन उतरवावे लागते. हंगामात हे झाले तर शेतकऱ्याचे भाडेही बुडते आणि मालही अडकतो.

कूलंटमधल्या रसायनांचे खरे काम इथे आहे. सिलिकेट अ‍ॅल्युमिनियमवर अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा धरते. सेंद्रिय आम्ले गंज जिथे सुरू होतो नेमके तिथे काम करतात. ट्रॅक्टर-ट्रकच्या अनेक डिझेल इंजिनांत लायनरला बाहेरून थेट पाणी लागते. लायनर थरथरतो, त्याच्या भिंतीवर बुडबुडे फुटतात आणि धातूला खड्डे पडतात. नायट्राइट किंवा मॉलिब्डेटसारखी द्रव्ये ही झीज रोखतात. शिवाय निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू १०७ अंशांच्या आसपास असतो, आणि रेडिएटरच्या झाकणाचा दाब तो आणखी वर नेतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात ही सवड मोलाची आहे.

मात्र रसायन जास्त घातले म्हणजे इंजिन जास्त थंड, हा समजही तितकाच घातक. निव्वळ ग्लायकॉल दाट असते आणि पाण्याच्या निम्म्याहूनही कमी उष्णता वाहते. सिलिकेट जादा झाले तर त्याची जेली होऊन रेडिएटरच्या नळ्या तुंबतात. फॉस्फेट असलेले कूलंट क्षारांच्या पाण्यात मिसळले, तर टाळायचा तोच थर तयार होतो. म्हणून घट्ट कूलंट पातळ करायला बोअरचे नव्हे, बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणीच हवे. हिरवा, लाल, निळा हे रंग कंपन्यांचे आहेत; रंग जुळला म्हणून द्रव जुळला असे नाही.

कूलंटसाठी आयएस ५७५९ हे भारतीय मानक आहे. तरीही मानकाचा क्रमांक आणि घटक छापलेले नाहीत अशा बाटल्या आपल्या भागात सर्रास विकल्या जातात. रंगीत पाणी कोणते आणि कूलंट कोणते, हे गिऱ्हाइकाने कसे ओळखावे? विक्रीच्या प्रत्येक बाटलीवर मानक, रसायनाचा प्रकार, मिश्रण तयार आहे की पातळ करायचे आहे आणि किती काळाने बदलायचे, हे मराठीत छापणे सक्तीचे करावे. जिल्ह्यातल्या आयटीआयमधून मेस्त्रींसाठी यावर छोटे वर्ग घ्यावेत. आणि जुने कूलंट उघड्यावर ओतू नये, ही सूचनाही बाटलीवर ठळक हवी. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, कुत्री-जनावरे ते चाटतात आणि त्याने मरतात.

– एक वाचक, वसमत, जि. हिंगोली