व्हिसाची दोरी

आखातातल्या भारतीय शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्याआधीचे दोन-तीन महिने तिथल्या स्टाफरूममध्ये एकच प्रश्न दबक्या आवाजात फिरत असतो : ‘रिलीज मिळेल का?’ नाशिकच्या किंवा मडगावच्या खासगी शाळेतल्या बाईंना दुसरीकडे जायचे असेल, तर त्या राजीनामा देतात, नोटिशीचे दिवस भरतात आणि जातात. दुबईत किंवा मस्कतमध्ये त्याच बाईंचा राहण्याचा परवाना शाळेच्या नावावर असतो. नवरा आणि मुले त्यांच्या व्हिसावर असली, तर एका राजीनाम्याने सगळ्या कुटुंबाचे बस्तान हलते.

हे सारे ‘कफाला’ पद्धतीतून आले. परदेशी कामगाराची हमी मालकाने घ्यायची आणि त्या बदल्यात त्याची ये-जा, त्याची नोकरी मालकाच्या हातात राहायची, अशी ही रीत. गेल्या काही वर्षांत तिची पकड सैल झाली, हे मान्य केले पाहिजे. कतारने 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी लागणारे मालकाचे ‘ना हरकत’ पत्र काढून टाकले. ओमानमध्ये करार पुरा करणाऱ्याला जानेवारी 2021 पासून त्याची गरज उरली नाही. सौदी अरेबियाने त्याच वर्षी मार्चमध्ये, वर्षभर काम केलेल्यांना मालकाच्या संमतीशिवाय बदलाची वाट दिली. संयुक्त अरब अमिरातीचा नवा कामगार कायदा फेब्रुवारी 2022 मध्ये लागू झाला. कुवेतने मात्र उलटी दिशा धरली. तिथे 1 जुलै 2025 पासून खासगी नोकरीतल्या परदेशी माणसाला सुट्टीवर मायदेशी यायचे झाले, तरी मालकाने मान्य केलेला परवाना आधी घ्यावा लागतो.

अमिरातीचा कायदा कागदावर चांगला आहे. नोटीस 30 ते 90 दिवसांची. पासपोर्ट ठेवून घ्यायला बंदी. करार संपल्यापासून 14 दिवसांत सगळी देणी चुकती करायची आणि मागितल्यास अनुभवाचा दाखला विनाशुल्क द्यायचा. चाचणीच्या सहा महिन्यांतसुद्धा महिन्याची नोटीस देऊन त्याच देशात दुसरी नोकरी धरता येते. भरतीचा खर्च जुन्या मालकाला भरून देण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते.

मग बाई घाबरतात कशाला? कारण त्यांना बांधणाऱ्या गाठी कायद्याच्या कलमांत नाहीत. शिक्षिकेच्या स्वतःच्या मुलांना त्याच शाळेत फीसवलत असते. शाळा बदलायची तर मुलांची शाळाही बदलायची किंवा पूर्ण फी भरायची. मुलगा दहावीत असेल तर प्रश्नच मिटला. बाई आणखी एक वर्ष तिथेच काढतात. दुसरी गाठ ग्रॅच्युइटीची. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचे वेतन, असा नियम आहे, पण ते मूळ वेतन. हातात महिना पाच हजार दिरहम येत असले आणि करारात मूळ वेतन दोन हजारच लिहिले असेल, तर वर्षामागे साडेतीन हजारांऐवजी 1,400 दिरहम मिळतात. सही करताना या आकड्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. तिसरी आणि सर्वांत कडक गाठ भीतीची. सात दिवसांहून अधिक सलग गैरहजेरी लागली की शाळा ‘अ‍ॅबस्कॉन्डिंग’ची, म्हणजे पळून गेल्याची, तक्रार करू शकते आणि नोटीस न देता नोकरी टाकून गेलेल्याला वर्षभर नवा कामाचा परवाना मिळत नाही. रीतसर नोटीस देणाऱ्या शिक्षिकेला हे लागू होत नाही. पण ‘बॅन लागेल’ एवढे दोन शब्द कोणी कार्यालयात बसवून ऐकवले, तर परक्या देशात एकट्या पडलेल्या बाईला ते पुरतात.

शाळांचे म्हणणेही खोटे नाही. डिसेंबरात गणिताचे सर निघून गेले, तर बारावीच्या मुलांचे नुकसान होते आणि बदली शिक्षक भारतातून आणायला महिने लागतात. शिक्षकाने वर्षाच्या मध्ये वर्ग सोडू नये, हे आम्हीही म्हणतो. पण त्यासाठी कराराची मुदत आणि नोटीस शैक्षणिक वर्षाशी जुळवून घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवणे आणि अनुभवाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे, तो अन्याय आहे.

आता आपल्या सरकारकडे वळू. 1983 च्या स्थलांतर कायद्याखालची मुख्य यंत्रणा दहावी न झालेल्या कामगारासाठी उभी आहे. अशा माणसाला आखातासह 18 देशांत जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते, त्याचा करार तपासला जातो, त्याचा विमा उतरवला जातो. दहावी झालेला माणूस या चौकटीबाहेर. शिकलेला माणूस स्वतःचे हित पाहील, हे त्यामागचे गृहीत. भरतीतली लुबाडणूक उघड झाल्यावर 2015 मध्ये परिचारिकांपुरते ते बदलले गेले; त्यांना आता पदवी असूनही मंजुरी घ्यावी लागते. शिक्षकांचा विचार झाला नाही. बी.एड. झालेल्या मुलीला अरबी-इंग्रजी कराराची खाचाखोच कळेल, हे आपण कशाच्या जोरावर धरून चाललो आहोत?

या कायद्याच्या जागी येणाऱ्या विधेयकाचा मसुदा परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये लोकांसमोर ठेवला. परदेशी शिकवायला जाणाऱ्यांसाठी एक प्रमाण करार त्यात आला पाहिजे. त्याहून सोपी गोष्ट सीबीएसईच्या हातात आहे. परदेशांत या मंडळाशी संलग्न दोनशेहून अधिक शाळा आहेत, बहुतेक आखातात. संलग्नता देताना मंडळ वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय पाहते. शिक्षकाचा मूळ कागद ठेवून घेणार नाही, मूळ वेतन एकूण पगाराच्या ठरावीक हिश्श्याखाली जाणार नाही, नोकरी सोडल्यावर दाखला ठरल्या दिवसांत देऊ, एवढे शाळेकडून लिहून घ्यायला मंडळाला कोणाची आडकाठी आहे? त्या देशाचा कायदा आपल्याला बदलता येणार नाही. संलग्नतेच्या अटी आपल्याच आहेत.

राज्य सरकारचेही काम आहे. केरळने अनिवासी केरळीयांसाठी 1996 मध्ये स्वतंत्र खाते सुरू केले. महाराष्ट्राने निदान एक कक्ष असा उभारावा, जिथे निघण्यापूर्वी करार दाखवता येईल आणि तो मराठीत समजावून सांगितला जाईल.

तोवर, यंदा आखातात निघालेल्या शिक्षकांना आमची विनंती : करारातले मूळ वेतन, नोटिशीचे दिवस आणि सोडून गेल्यानंतर तिथल्या दुसऱ्या शाळेत काम करण्यावर घातलेली बंदी, या तीन ओळी सहीआधी वाचा. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या हाती राहू देऊ नका. राजीनामा लेखी द्या आणि पोच घ्या. अडवणूक झालीच, तर त्या देशाच्या कामगार खात्यात आणि भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर, दोन्हीकडे तक्रार नोंदवा. अमिरातीत 50 हजार दिरहमपर्यंतच्या वादाचा निकाल 2024 पासून कामगार मंत्रालयच देऊ शकते. तेवढ्यासाठी वकील करावा लागत नाही.