गवताचा खंड

छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरील चितेगाव कारखान्यांसाठी ओळखले जाते. जवळच बिडकीनला औद्योगिक नगरीसाठी सुमारे आठ हजार एकर जमीन घेतली गेली. सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मोबदला मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. परंतु बांधावर, पडीक रानात चार शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनाचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नसते. रान गेले की त्याला दुसऱ्याच्या शेतात चराईचे पैसे मोजावे लागतात.

पैसे घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. लेंडीखतासाठी मेंढरे रानात बसवावीत म्हणून शेतकरीच धनगराला धान्य देई, हीही याच मातीतली रीत आहे. खरा प्रश्न गायरानाचा आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत गावच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखण्याची तरतूद आहे. ती जमीन सुरक्षित असती, तर गवताला खंड द्यावा लागला नसता. जंगलखात्याने गायराने गिळल्याची तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८३ सालीच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडली होती. आता खाते तेवढे बदलले!

गायरान आटले की बोट दाखवले जाते ते तेथे कसणाऱ्या दलितांकडे. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही तर दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या सत्याग्रहाची मागणी होती. आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे शासनानेच १९९१ साली ठरवले. शेळीवाला व गायरानधारक यांची झुंज लागली, तर सोय होते ती जमीन घेणाऱ्यांची. संपादनाच्या वेळी चराईची नोंद व्हावी आणि पर्यायी कुरण मिळावे, असा ठराव कार्यकर्त्यांनी दोघांनाही सोबत घेऊन ग्रामसभेत मांडला पाहिजे.