सुराची पत

कर्जत-खालापूरकडील आपली मंडळी रेल्वेने कोल्हापूरला जाताना मिरज ओलांडतात. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावण्याचा धंदा बसला, तेव्हा तेथील फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढे घडणीकडे वळले. गवयांना या कारागिरांचा शोध लागे तो मैफलीत. भोपळा उत्तम वाळलेला, घोडीवरची जवारी नेमकी, तारेखालचा सुताचा धागा जागच्या जागी असला की तंबोरा घुमतो. मग ऐकणारा विचारतो, ‘कोणाकडून घेतला?’ उत्तर मिळते, ‘मिरजेहून.’ २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. कानांनी दिलेली पावती त्याहून जुनी आहे.

वाचकहो, पेढीच्या पाटीवर नाव वडिलांचे असते. पत मात्र प्रत्येक पिढीने स्वतःच कमवावी लागते.