पापणी जरा उलटून पाहू या



गेल्या महिन्यात आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला. कारण लिहिले होते, ‘डोळ्यांचे ऑपरेशन’. मोतीबिंदू असेल असे समजून बायका लगेच हो म्हणाल्या. तेव्हा अर्ज करणारी बाईच म्हणाली, "मोतीबिंदू नव्हे. डोळ्यांखालच्या पिशव्या काढायच्यात, वरची पापणी लोंबतीय ती उचलून घ्यायचीय. 40 हजार लागतील."

बैठक गप्प झाली आणि मग एकच गलका उठला. "म्हशीला कर्ज दिलं, पोरीच्या फीला दिलं, आता तोंड सजवायला द्यायचं व्हय?" मीही त्याच बाजूने बोलले. सौंदर्याचा बाजार, जाहिराती, पुरुषी नजर, सगळे मांडले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ताई, पटतंय की सगळं. पण काउंटरवरची माझी जागा तुम्ही परत मिळवून देणार काय?"

या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून हे संपादकीय.

ही बाई 49 वर्षांची. कोल्हापुरातल्या एका साडीच्या दुकानात 22 वर्षे उभी राहिलेली. दिवाळीनंतर मालकाने सांगितले, "तुम्ही थकलेल्या दिसता, गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही." तिला मागच्या गोदामात घड्या घालायला बसवले. विक्रीवरचे कमिशन गेले. त्याच दुकानातल्या साठीला टेकलेल्या मॅनेजरच्या डोळ्यांखालीही पिशव्या आहेत. त्यांना तिथे अनुभव म्हणतात.

आधी शस्त्रक्रियेविषयी सरळ माहिती घेऊ. वय वाढते तशी पापणीची कातडी सैल पडते, डोळ्याभोवतीची चरबी पुढे येते. काही घरांत हे आनुवंशिकच असते. शस्त्रक्रियेत जादा कातडी कापतात, चरबी काढतात किंवा सारखी करतात. सूज आणि काळेनिळेपणा एक-दोन आठवडे राहतो. डोळा कोरडा पडणे, पापणी पुरती न मिटणे असे त्रास होऊ शकतात. क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टीच धोक्यात येते. काळी वर्तुळे याने जातीलच असे नाही. जाहिरातीतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंत यातले काहीच नसते.

पण सैल पापणी म्हणजे नेहमी दिसण्याचाच प्रश्न असतो असेही नाही. हुपरीत घरी बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडणारी एक बाई मला भेटली. बारीक काम करताना ती मान मागे टाकायची, मधूनच बोटाने पापणी वर धरायची. कपाळ सतत दुखायचे. घरचे म्हणत, वय झाले. तपासणीत कळले की पापणी बाहुलीवर उतरली होती आणि वरचे अर्धे जग तिला दिसतच नव्हते. तिची शस्त्रक्रिया हा उपचार आहे. आरोग्य विम्यात निव्वळ दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते, पण अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज असेल तर हा नियम आड येत नाही. मात्र त्यासाठी डॉक्टरांचा लेखी दाखला लागतो, आणि तो मागायचा असतो हे तिला कोणी सांगितलेले नसते. पापणी एकाएकी पडली, वस्तू दोन दिसू लागल्या किंवा तोंड वाकडे झाले, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा.

आरोग्यसेविका आपली खालची पापणी ओढून आत पाहते, रक्त कमी आहे का म्हणून. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पापणीच्या आतला हा फिकेपणा कोणत्याही मालकाला खुपत नाही. बाहेरचा थकवा तेवढा खुपतो.

तरीही अशी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या बाईला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार का? पॅरिसमध्ये सुझान नोएल नावाच्या शल्यविशारद होत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या. 1924 साली त्यांनी तिथे नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचा मंच उभा केला आणि 1926 साली सौंदर्यशस्त्रक्रियेच्या सामाजिक बाजूवर पुस्तक लिहिले. पोटासाठी राबणाऱ्या बाईला वय दिसल्यामुळे काम गमवावे लागू नये, ही त्यांची तळमळ होती. तळमळ खरीच, पण जवळजवळ 100 वर्षांनंतरही सुरी बाईच्याच चेहऱ्यावर चालते आणि मालकाची नजर तशीच राहते. एकीने पापणी उचलली की शेजारच्या काउंटरवरची दुसरी आपोआप ‘थकलेली’ ठरते.

आमच्या गटाने शेवटी असे ठरवले. अर्ज नाकारायचा नाही. आधी ती सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात दाखवून येईल, दृष्टीला अडथळा आहे का ते तपासून घेईल. मग आम्ही तिघी तिच्याबरोबर मालकाकडे जाऊ. ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना महाराष्ट्राचा 2017चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्री म्हणून भेदभाव करायला तो मनाई करतो. एवढे करूनही तिला शस्त्रक्रिया करावीशी वाटली तर गट कर्ज देईल. शरीर तिचे आहे, निर्णयही तिचाच राहील. पण तो सगळी माहिती हातात घेऊन आणि नोकरीची भीती मानेवर नसताना झालेला असावा.

दोन गोष्टी झाल्या आहेत. तपासणीत तिची दृष्टी चांगली निघाली. आणि आम्ही दुकानात जाऊन आलो. मालक म्हणाले, बघतो. पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत, या वेळी लेखी अर्ज घेऊन.

तुमच्या गावात, तुमच्या गटात अशी बाई असेलच. तिच्या पापणीविषयी बोलण्याआधी तिच्या नोकरीविषयी विचारा. आणि काय घडले ते आम्हाला जरूर कळवा.