पितळखोऱ्याच्या धारेवर



मागच्या फाल्गुनात इस्लापूरची आम्ही अकरा मंडळी पितळखोऱ्याची लेणी पाहून आलो. त्यात चार मुली. मुली डोंगरात जाणार म्हटल्यावर वस्तीत कुजबुज सुरू झाली. एक बाई तर घरीच आल्या. "दादा, पोरींना डोंगरात काहून न्यायलाव? काही झालं तर?" त्या विधवा आहेत. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात, एरवी रोजाने जातात. मुलगी अकरावीला. मी छाती फुगवून म्हणालो, "वहिनी, मी आहे ना. आमच्या घरची मंडळीपण सोबत आहे." ती छाती पुढे कशी उतरली, ते सांगण्यासाठीच आजचे सदर.

रेल्वेने औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), तिथून एस.टी.ने कन्नड आणि पुढे जीपने सातमाळ्याचा माथा. हा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. वनखात्याची परवानगी आधीच काढली होती. लेणी माथ्याखाली दरीत आहेत. उतरायला बांधीव पायऱ्या आहेत, वाट चुकण्याचा प्रश्नच नाही. पळस फुलला होता. आपल्या किनवटच्या रानासारखाच.

ही लेणी अजिंठ्याच्या बहुतेक लेण्यांहून जुनी, इसवी सनापूर्वीची. दगड ठिसूळ, म्हणून पुष्कळ भाग ढासळला आहे. चैत्यगृहाच्या खांबांवर चित्रांचे अवशेष दिसतात. विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. पण मला सर्वांत मोलाची वाटली ती दानाची नावे. पैठणच्या मितदेव नावाच्या अत्तरवाल्याने इथे खांब दिला. कान्हदास नावाच्या सोनाराने घडवलेली इथली यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आणि मगिल नावाच्या राजवैद्याच्या घरचे दान आहे, त्यात मुलगा दत्तक आणि मुलगी दत्ता यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी मुलीचे नाव दगडावर! हे सांगितल्यावर आमच्या चौघी जरा ताठ उभ्या राहिल्या. आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले आणि वर आलो.

इथेच जीपमध्ये बसलो असतो तर शहाणे ठरलो असतो. पण दुसरा बेत होता धारेवरून चालण्याचा. तिथे पायऱ्या नाहीत की खुणेचे दगड नाहीत. वाळले गवत, मुरमाचा घसारा, एका बाजूला थेट खानदेशात उतरलेला कडा. सोबतचा गावचा वाटाड्या दुपारी परत फिरला. त्याच्या घरी लग्न होते. "धार सोडू नका, आलात तसेच माघारी या," एवढे त्याने बजावले. मी तासाभरातच धार सोडली. खाली पाऊलवाटेसारखी पट्टी दिसली, म्हटले तिने गेलो की वळसा वाचेल.

या डोंगरांची रचना थरांची आहे. काळ्या दगडाचा एक थर, मग सपाटी, मग पुन्हा सरळ तुटलेला थर. वरून सपाटी दिसते, तिच्या पुढचा कडा दिसत नाही. आम्ही तीन सपाट्या उतरलो आणि चौथीच्या टोकाला पायाखाली नुसती हवा. परत चढायचे तर घसारा पायाखालून सरके. एका मुलाचा पाय घसरून गुडघा फुटला. चार वाजले होते. पाणी माणशी अर्धी बाटलीही उरले नव्हते. मला वाट आठवेना आणि तसे बोलायची लाज वाटत होती.

तेव्हा ती अकरावीची मुलगी म्हणाली, "काका, मी दगड ठेवले आहेत." धार सोडल्यापासून प्रत्येक वळणावर तिने दगडावर दगड ठेवला होता. तेंदूपत्त्याला जाताना आई रानात असेच करते म्हणे. माझ्या पाठीमागे ती हे करते आहे, हे मला कळलेही नव्हते. ती पुढे झाली, आम्ही तिच्या मागे. एक दगड सापडला की ती थांबायची, दुसरा डोळ्याला दिसल्याशिवाय पुढे पाऊल टाकू द्यायची नाही. अंधार पडायच्या आत धारेवर आलो. पाणी तिनेच वाटले, जखमी मुलाला आधी, मला सर्वांत शेवटी.

ज्यांना जायचे असेल त्यांनी माणशी तीन लिटर पाणी घ्यावे, उजाडताच चालू लागावे आणि वाटाड्याला दिवसभराचे पैसे आधीच ठरवून द्यावेत. लग्नाच्या तिथीला तर जाऊच नये. चैत्र-वैशाखात तिकडे ऊन फार.

परतल्यावर मी त्या वहिनींच्या घरी गेलो आणि सगळे खरे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "दगड मोठे ठेवलेस का बारीक?"

"मोठे."

"बारीक गुराच्या पायानं पडतात," त्या मला म्हणाल्या आणि चहाचे आधण ठेवायला आत गेल्या.